आक्कांना पैकीच्या पैकी

इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेचे अंगरखे धुणारी ती कंपनी विकली गेली, तेव्हा कामगारांना वाटलं, फार तर पाटी बदलेल. पाटी बदललीच, पण तिच्याबरोबर भाषाही बदलली. इस्पितळंही त्याच नव्या मालकांची, त्यामुळे सगळा कारभार त्यांच्या भाषेत सुरू झाला. प्रत्येकाच्या हाती टॅब आला, कानावर हेडफोन आला आणि जेवणाच्या खोलीत भिंतभर पडदा लागला. टॅबमधली बाई एक वाक्य बोलायची, आपण ते तसंच म्हणायचं, की पडद्यावर आपल्या नावापुढे गुण चढायचे. तळाला राहील त्याला घरचा रस्ता, असं कुणी लिहून दिलं नव्हतं. तेवढं मात्र सगळ्यांना न शिकवता समजलं होतं.

हे शिकवायचं काम आलं ट्रेनरबाईकडे. मूळची ती इस्त्रीच्या मशीनवरची. भाषा पटकन उचलली म्हणून साहेबांनी तिला वर घेतलं. साहेबांना माघारी सगळे टक्केसाहेब म्हणत. माणूस आजारी पडलं तरी ते टक्क्यांतच हळहळायचे.

पडद्यावर अगदी तळाशी नाव होतं आक्कांचं, म्हणजे ट्रेनरबाईच्या थोरल्या नणंदेचं. नवरा गेला तेव्हा भावाचं दुःख गिळून याच आक्का तिच्यामागे उभ्या राहिल्या होत्या. तिला कामाला लावलं त्यांनीच, तिची मुलगी वाढवली त्यांनीच. पण मशीनच्या खडखडाटात आक्कांच्या कानांनी केव्हाच हात टेकले होते. समोरच्याचे ओठ बघून त्या वेळ मारून नेत. कळलं तर मशीनवरून काढतील, म्हणून ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. टॅबमधल्या बाईचे ओठ कुठून बघणार? आक्का भलतंच काहीतरी मोठ्यानं म्हणायच्या, टॅब लाल व्हायचा, आणि बाया तोंडाला पदर लावायच्या.

ट्रेनरबाईनं घरी नाना तऱ्हा करून पाहिल्या. समोर बसून तिनं एकेक शब्द घोटून घेतला. ओठांवरून शब्द यायचा, पण त्याचा सूर यायचा नाही. शेवटी एका संध्याकाळी आक्का भिंतीला टेकून म्हणाल्या, "अगं, माझ्यापायी तू कशाला घसा फोडतेस? जाईन मी घरी."

आक्का भाजी चिरायला उठल्या, तसा ट्रेनरबाईनं त्यांचा टॅब ओढला आणि त्यांच्या नावावर स्वतःच धडा म्हटला. टॅब हिरवा झाला. तिनं पुढचा धडा उघडला. आक्कांनी सुरीसकट वळून पाहिलं, आणि पुन्हा चिरायला लागल्या.

नापास होऊ नये एवढंच करायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण शिकवणाऱ्या माणसाला मुद्दाम चुकायला जमत नाही. आक्कांचं नाव पडद्यावर चढत चढत पहिलं आलं. टक्केसाहेबांनी हातासरशी दोन फोटो काढवून घेतले आणि अहवाल वर धाडला: आमच्या पद्धतीनं म्हातारी माणसंसुद्धा बोलायला लागली. वरून शाबासकी आली. पाठोपाठ हुकूम आला की एवढी हुशार बाई मशीनवर नको, तिला फोनवर बसवा.

आक्कांनी नाही म्हणून पाहिलं, ट्रेनरबाईनं त्यांचं वय पुढे केलं. साहेब हसून म्हणाले, त्या लाजतात एवढंच. आक्का काचेच्या खोलीत जाऊन बसल्या. फोनचा दिवा लागला की उचलायचा आणि "हो, हो" म्हणायचं. जमेल तेव्हा ट्रेनरबाई धावत जाऊन तो उचलायची. येता-जाता तिचं निम्मं लक्ष त्या दिव्यावर असायचं. रात्री डोळा लागला तरी तिला दिवाच दिसायचा.

ज्या सकाळी ती नव्या तुकडीला शिकवत होती, त्या सकाळी इस्पितळातून फोन आला. वापरलेल्या सुयांचा डबा चुकून चादरींच्या पिशवीत गेला होता. पिशव्या उघडू नका, असं तिकडची नर्स पुन्हा पुन्हा सांगत होती. आक्का म्हणाल्या, "हो, हो."

पिशवी उघडली कपडे निवडणाऱ्या चिमणीनं. बारीक आवाजाची म्हणून तिला ते नाव पडलेलं. घरी दूधपितं मूल. सुई हातमोज्यातून आरपार बोटात गेली. आता तपासण्या होणार, औषधं चालणार, आणि निकाल हाती येईपर्यंत मुलाला अंगावर पाजायचं नाही. हे ऐकताना चिमणी रडलीसुद्धा नाही. भरून आलेली छाती दाबून ती नुसती बसून राहिली.

नर्सकडून त्या फोनचं सारं कळलं, तशी ट्रेनरबाई तडक साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आक्कांचे कान, आपला आवाज, खोटे गुण. साहेबांनी उठून दार लावलं.

"हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "अहवाल वर गेलाय. उद्या इतर खात्यांतही हीच पद्धत सुरू होतेय. एकीचे गुण खोटे म्हटले तर सगळ्यांचेच खोटे ठरतील."

"आणि चिमणी?"

"तिचा उपचार कंपनी करील. आक्का राजीखुशीनं काम सोडतायत. तुम्ही मात्र राहा."

तिनंही राजीनामा देते म्हटलं, पण घरी आक्कांनी तिला अडवलं. त्यांनी स्वतःसाठी एक शब्द काढला नाही. "दोघी घरी बसलो तर पोरीनं काय खायचं?" एवढंच विचारलं. मग दोघी चिमणीच्या घरी गेल्या. ट्रेनरबाईनं उंबऱ्यातच सारं कबूल केलं. आत मूल टाहो फोडत होतं. सासू त्याच्या तोंडाला बाटली लावत होती आणि ते तोंड फिरवत होतं. चिमणीनं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ट्रेनरबाई वर्गात शिरली तेव्हा पहिल्या रांगेत चिमणी बसली होती. बोटाला पट्टी, टॅब मिटलेला, हेडफोन बाजूला. बाकीच्या येऊन बसल्या. ट्रेनरबाईला वाटलं, आता ही सर्वांसमोर आपली अब्रू काढणार, आणि काढावीच.

"त्या दिवशी नर्स काय म्हणत होती?" चिमणीनं विचारलं. "ते वाक्य शिकवा. टॅबवर नको. तुम्ही म्हणा."

ट्रेनरबाईनं आपला टॅब बाजूला सारला. चिमणी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मागच्या बायांनीही एकेक करून हेडफोन काढले. मग ट्रेनरबाईनं ते वाक्य त्या भाषेत म्हटलं: पिशव्या उघडू नका. चिमणीनं तिच्या पाठोपाठ म्हटलं, ते चुकलं. तिनं पुन्हा म्हटलं.