न नासणारी हळद

गुरुवारची सकाळ होती. बुरहानपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या मंगलाबाईंनी तुळशीला पाणी घातलं, दत्ताला फूल वाहिलं आणि सहाणेवर चंदन उगाळायला त्या बसल्या. त्यांचा आवाज चढलेला कधी कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या मथुराबाई म्हणायच्या, "मंगलाताई रागावल्या तरी आरती म्हटल्यागत वाटतं." सोमवार, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असा त्यांचा उपासांचा संसार, आणि त्या सगळ्या उपासांचं मागणं एकच: माझ्या मृणालला चांगलं घर मिळू दे.

ते मिळालं होतं. त्याची खूण देव्हाऱ्यात, दत्ताच्या तसबिरीशेजारी उभी होती: सोनेरी झाकणाची एक गलेलठ्ठ बरणी. वर नथ घातलेल्या गोऱ्यापान नवरीचं चित्र आणि खाली अक्षरं: 'गौरलक्ष्मी उटणं. हळद, केशर, ताजी साय. शंभर टक्के निसर्ग, शून्य टक्के केमिकल. वर्षभर नासत नाही.'

बरणी देव्हाऱ्यात ठेवली होती रंभाबाईंनी, म्हणजे मंगलाबाईंचे यजमान अरविंदराव यांच्या आत्यानं. "सासरहून आलेली वस्तू हाये व माय," त्या म्हणाल्या होत्या, "ती काय मोरीत ठेवाची?"

मंगलाबाई बुरहानपूरच्या वैशाखात स्वयंपाक करणारी बाई. सकाळी काढलेली साय संध्याकाळी आंबते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग ही कुठली साय, जी वर्षभर वैधव्य आल्यासारखी न हलता बसून राहते? शंका मनात आली होती. पण सासरच्या वस्तूवर शंका घेणं म्हणजे मुलीच्या नशिबावर शंका घेणं, असं आपल्या बायकांना लहानपणापासून पाजलेलं असतं. त्यांनी शंका चंदनासोबत उगाळून टाकली.

मृणाल बी.एस्सी. झालेली, हुशार, आणि सावळी. आमच्या समाजात यातली शेवटची गोष्ट आधी मोजतात. आजवर किती पाहुणे आले, पोहे खाल्ले, वर मावा जलेबी खाल्ली, "मुलगी चांगली आहे, पण..." म्हणाले आणि तोंड पुसून गेले. त्या 'पण'च्या पुढचा शब्द कुणी उच्चारत नसे. सभ्य माणसं होती ना!

अशात बुधवारा मोहल्ल्यातल्या पंडितशेठांकडून मागणी आली. घरामागं उटण्याचा कारखाना, पुढं दुकान, आणि मुलगा विपुल त्याच धंद्यात. हुंडा नको, मानपान नको. शेठाणी वैजयंतीबाई भर साखरपुड्यात म्हणाल्या, "सावळी सून करायला हिंमत लागते. आमच्यात आहे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. रंभाबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. त्याच दिवशी शेठांच्या फोटोग्राफरनं, रोहितनं, मृणालचा चेहरा ओल्या कापडानं पुसायला लावला आणि बिनामेकअपचे भराभर फोटो काढले. कशाला, ते कुणी विचारलं नाही. वरपक्षाला असं विचारतात का कुठं?

निघताना वैजयंतीबाईंनी ओटीत बरण्या घातल्या. "लग्नापर्यंत रोज दोनदा लाव हो. लक्ष्मीसारखी उजळशील."

मृणालनं लावायला सुरुवात केली. आठवडा झाला नसेल, तिच्या पापण्या सुजल्या. मग गळ्याला पुरळ आलं, मग गालांची कातडी सोलून निघायला लागली.

"आई, याला वास येतो," ती म्हणाली. "कॉलेजच्या लॅबमध्ये बरणीत बेडूक ठेवलेले असायचे ना, तसा. फॉर्मेलिनचा."

"असं बोलू नये ग. सासरचं आहे."

"सासरचं आहे म्हणून बेडकाचा वास केशराचा होतो का?"

रंभाबाई मध्ये पडल्या, "अवं, आतली घाण बाहेर निघते ती! आमच्या टायमाले बेसनपीठ लावलं तरी खाजवायचं." आणि फोनवर वैजयंतीबाई हसून म्हणाल्या, "रूप उमलतंय, विहीणबाई. घाबरू नका, डबल लावा."

मंगलाबाईंनी मुलीच्या चेहऱ्यासाठी आणखी एक उपास धरला, आणि संध्याकाळी बरणीचं झाकण स्वतःच्या हातानं उघडून दिलं. उपास आणि विष एकाच घरात, एकाच हातानं, एकाच लेकीसाठी.

पापण्या इतक्या सुजल्या की मृणालला सकाळी डोळा उघडेना, तेव्हा कुठं त्या तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहिला, बरणी पाहिली, नाकाशी नेली आणि टेबलावर लांब सरकवली.

"यात काय काय घातलंय, मौशी? कुठं लिहिलेलं दिसत नाही."

"लिहिलंय की. शून्य टक्के केमिकल."

"पाणीसुद्धा केमिकलच आहे, मौशी." डॉक्टरीणबाई समजावून सांगू लागल्या. "हे बघा, क्रीम टिकवायला काहीतरी औषध घालावंच लागतं. नाही घातलं तर बुरशी धरते, तीही वाईटच. पण कुठलं घालायचं, किती घालायचं, याला हद्द असते, आणि डब्यावर ते लिहावं लागतं. इथं काय घातलंय ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण मुलीच्या कातडीनं सांगितलंय. आजपासून बंद."

घरी येऊन मंगलाबाईंनी देव्हाऱ्यातली बरणी उचलली. खाली पिवळं वर्तुळ उमटलं होतं. घासलं, तरी जाईना.

"शेठांशी बोला," त्या यजमानांना म्हणाल्या.

अरविंदराव कॉलेजात हेडक्लार्क. साऱ्या कॉलेजच्या चुका शोधून काढणारा माणूस घरात मात्र डोळे मिटून बसे. "पत्रिका वाटल्यात, मंगल. हॉल झालाय. बंद केलंस ना लावणं? बस. त्यांना कळवायची काय गरज? मुलगी तिकडे गेल्यावर बघेल तिचं ती."

मुलगी तिकडे गेल्यावर बघेल! आमच्याकडे बापांची सगळी हिंमत या एका वाक्याआड लपून बसते.

मंगलाबाईंनी मग एवढंच केलं. वैजयंतीबाईंना फोन लावला आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, एकच विनंती. मृणालच्या चेहऱ्याला डब्यातलं सोसत नाही. उष्टी हळद तेवढी घरी वाटलेली पाठवा. दुसरं काही मागत नाही."

"बरं बरं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तेवढंच ना?"

हळदीचा दिवस उजाडला. चेहरा निवला होता, पण गालांवर डाग राहिले होते. मंगलाबाईंनी पहाटे स्वतः पाट्यावर हळकुंडं वाटून वाटी भरून ठेवली. पण आधी लागायची ती वराकडची. रीत साऱ्यांना माहीत आहे: नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची. त्याच्या अंगाला लागलं ते तिच्या अंगाला लागायचं. यापुढं दोघांचं सुखदुःख एक, एवढा गोड अर्थ त्या चिमूटभर पिवळ्या रंगात कुणा शहाण्या पूर्वजानं घालून ठेवलेला.

दुपारी डीजे वाजवत बुधवाऱ्याची मंडळी आली. वैजयंतीबाई पुढं, मागं विपुलची बहीण गायत्री, तिच्या हातात रेशमी रुमालानं झाकलेली चांदीची वाटी. त्यांच्याही मागं रोहित, कॅमेरा आणि दिवे घेऊन.

मृणालला पाटावर बसवलं. रोहितनं मोबाईलवर काहीतरी काढलं आणि म्हणाला, "भाभी, थोडा लेफ्ट. चेहरा उसी अँगल में रखो ना, वो बिफोरवाला फोटो है ना, साखरपुडेवाला, उसके जैसा. नहीं तो डब्बे पे दोनों फोटो मॅच नहीं होंगे."

"कुठल्या डब्यावर?" मृणालनं विचारलं.

"अरे, नया पॅकिंग आ रहा है ना. 'पहिले' और 'नंतर'. आपको बताया नहीं?"

मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मंगलाबाईंच्या हातातली अक्षतांची ताटली तिथंच थांबली. सावळी सून करायला हिंमत लागते! हिंमत कसली, भांडवल होतं ते. गोरी मुलगी या दुकानाच्या काय कामाची? तिला 'नंतर' असतं, 'पहिले' नसतं.

"यात वाईट काय आहे?" वैजयंतीबाई अजून हसतच होत्या. "आपल्या मृणालचा फोटो घराघरात जाईल. गायत्री, दे ग वाटी."

रुमाल निघाला. मंगलाबाईंनी वाटी हातात घेतली, कपाळाला लावायची म्हणून उचलली, आणि वास आला. केशराच्या खाली दडलेला तोच वास.

"विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "ही विपुलरावांची उष्टी आहे?"

"मग काय तर! त्याचीच."

"नाही ना मम्मी," गायत्री पटकन बोलून गेली, "भैयाला तर सुबह काकूनं वाटलेली लावली. डब्यातली लावली असती तर त्याला रॅश आला असता. त्याची स्किन किती सेन्सिटिव्ह आहे!"

"चूप बस ग!"

"पण आपल्या घरात कुठं वापरतं कुणी ते?"

डीजेवाल्यानं नेमकं त्याच वेळी गाणं बदलायला थांबवलं होतं, त्यामुळं हे वाक्य रस्त्यावरच्या बायकांनीही ऐकलं.

वैजयंतीबाईंनी पदर सावरला. "हे बघा, धंद्याची वस्तू निराळी, घरची वस्तू निराळी. हलवाई स्वतःची मिठाई खातो का? माल टिकवायला थोडं औषध घालावंच लागतं. सगळेच घालतात. हजारो बायका लावतात, एकीला पुरळ आलं म्हणून काय झालं?"

"काही नाही झालं," मंगलाबाई म्हणाल्या. "आधी तुमचा मान करू द्या. दारी आलेल्या सवाष्णीला हळद लावल्याशिवाय मी लेकीला कशी लावू?"

आणि त्यांनी त्याच वाटीत बोट बुडवून वैजयंतीबाईंच्या गालाकडे नेलं.

वैजयंतीबाईंनी झटक्यानं तोंड मागं घेतलं. इतक्या जोरात, की त्यांच्या नथीचा मोती गालावर आपटला.

भरल्या मांडवात, सवाष्णीच्या हातच्या हळदीला सवाष्णीनं तोंड फिरवलं होतं. रंभाबाईंच्या तोंडून "अगं माय!" एवढंच निघालं.

"पाहिलंत?" मंगलाबाईंचा आवाज अजूनही आरतीचाच होता. "तुमचं तोंड आपोआप मागं गेलं. तुमच्या लेकाचं तोंड तुम्ही सकाळीच वाचवलंत. माझ्या लेकीचंच तेवढं डब्यावर छापायला ठेवलं होतंत."

मृणाल पाटावरून उठली. तिनं विपुलला फोन लावला आणि स्पीकर उघडला. "विपुल, तुला माहीत होतं यात काय आहे?"

"अरे यार, सबको थोडी होता है," पलीकडून आवाज आला. "आजच्या दिवस ॲडजस्ट कर ना. दाग तो मेकअप में छुप जाएंगे. डॅडींचं पूरं पॅकिंग अटकलंय तुझ्या फोटोवर."

"माझ्यावर नाही?" मृणालनं विचारलं, आणि फोन बंद केला. मुंडावळ्या स्वतःच्या हातानं सोडल्या आणि त्या गायत्रीच्या हातात दिल्या. "तू रागावू नकोस. खरं बोललीस तू एकटीच."

"अगं, लोक काय म्हणतील!" अरविंदराव पुटपुटले.

"म्हणू द्या," मंगलाबाई म्हणाल्या. "म्हणायला त्यांना आजवर आपण पोहे खाऊ घातलेच आहेत."

वैजयंतीबाई पाय आपटत निघाल्या. "बघतेच, या काळ्या पोरीला आता कोण करतं!" असं दारातून सांगून गेल्या. लक्ष्मीची काळी पोरगी व्हायला एवढाच वेळ लागला.

वाटी मागं राहिली होती. रंभाबाई म्हणाल्या, "तापीत सोडून दे व माय, वंगाळ वस्तू."

"तापीमाईनं काय पाप केलंय, आत्याबाई?" मंगलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाटी झाकून फडताळात ठेवली.

पुढच्या मंगळवारी पूजा करताना त्यांनी दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पाट्यावर वाटलेली त्यांची हळद कधीच आंबून काळी पडली होती, प्रामाणिक वस्तूसारखी. चांदीच्या वाटीतली तशीच पिवळीधमक, ताठ, निर्लज्ज.

दार वाजलं. मथुराबाई आल्या होत्या, पदराखाली काहीतरी लपवून. "मंगलाताई, माझ्या सुनेलाबी याच बरणीनं..." त्यांच्या मागं गल्लीतल्या आणखी दोघी उभ्या होत्या. दोघींच्याही पदराखाली सोनेरी झाकणं.

मंगळवार म्हणजे कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायचा, जनसुनावणीचा दिवस. मंगलाबाईंना उपास होताच. त्यांनी देवापुढं हात जोडले. या वेळी काही मागितलं नाही, फक्त "जाऊन येते" म्हणाल्या. मृणालला हाक मारली. ती डाग न झाकता, केस मागं घट्ट बांधून आली.

कचेरीत रांग लांब होती. नंबर लागला तेव्हा टेबलामागचा बाबू मान वर न करता म्हणाला, "हां मौसी, क्या शिकायत है? क्रीम की? क्रीम में क्या शिकायत, ये तो घर घर में चलती है."

मंगलाबाईंनी सोनेरी झाकण उघडलं. बोटावर थोडं घेतलं आणि टेबलावरून हात पुढं केला. "साहेब, थोडं गालाला लावून बघा ना."

बाबूनं मान वर केली. समोर मृणालचा चेहरा होता. त्याची खुर्ची करकरत मागं सरकली.

मंगलाबाईंनी बोट पुसलं, झाकण लावलं.

"बस, साहेब. हीच शिकायत आहे. लिहून घ्या."