खापराला बेल्ट, आबांना हिव

मी खापर बोलतेय. सगळा जन्म बायकांच्या हातात गेला, तेव्हा जीभ त्यांच्यासारखीच फटकळ असणार. सोसत नसेल त्यांनी इथेच थांबावं.

पिंपळनेरच्या कुंभाराने मला घडवलं, भाजलं. लताबाईंनी बोटाच्या पेराने टिचकी मारली, मी टण् वाजले आणि त्यांच्या घरी आले. चुलीवर पालथं पडायचं, पोटात जाळ घ्यायचा आणि पाठीवर मांडा भाजू द्यायचा, हे माझं काम. मांडा म्हणजे आमची खानदेशी पुरणपोळी, हातावर फिरवत सुपाएवढी केलेली. तव्यावर करता ती पोळी नव्हे, ते बिस्कीट.

नाताळच्या सुट्टीत लताबाई लेकीकडे निघाल्या, जळगावला पिंप्राळ्यात. मलाही घेतलं. लेक मयुरी फोनवर म्हणाली, "आई, इथे मिळतं की खापर."

"परक्या खापरावर मांडा अन् परक्या उशीवर झोप, दोन्ही धड होत नाही," असं सांगून बाईंनी फोन ठेवला.

तिथे अंगणात विटांची चूल मांडली, तुराट्या पेटवल्या, मांडे झाले. मयुरीची सासू सुनंदाबाई एरवी कशालाच चांगलं म्हणत नाही, तिनेही बोटं चाटली. माझी पाठ तापलेली होती, पण जिवाला गार वाटलं.

घोटाळा झाला तो परत निघताना. माहेरचं भांडं रिकामं पाठवू नये, अशी रीत. लताबाई विहिणीचा निरोप घेत होत्या, तेवढ्यात मयुरीने लिंबाच्या लोणच्याची चिनीमातीची बरणी माझ्या पोटात ठेवली, वरून गोधडी गुंडाळून गाठ मारली आणि आईला सांगायचं विसरली. अगं बये, मी भांडं आहे का?

लताबाईंनी मला पुढच्या सीटवर बसवून बेल्ट लावला. गाडी मुलगा नीलेश चालवत होता. त्याच्या बाजूची काच वर सरकत नव्हती. मागे बाई आणि त्यांचे यजमान जीवराम आबा, मधे केळीचा घड आणि भरताची वांगी. वारा असा घुसत होता की वांगीसुद्धा आकसली असतील.

दुसऱ्या दिवशी नीलेशला बघायला मुलीकडचे यायचे होते. बाईंनी त्यांना आधीच ठणकावलं होतं, "पोरगं कसं का असेना, मांडा खाऊन बघा." म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. आणि माझ्या पोटात बरणी! खड्डा आला की ठक्. गतिरोधक आला की ठक्. ओरडावं तर तोंडावर गोधडी.

"गाडीचं काहीतरी ढिलं झालंय," नीलेश म्हणाला. एरंडोलला उतरला, टायरला लाथ मारून आला. पारोळ्याला दुसऱ्या टायरला मारली. पुरुषांची दुरुस्ती ती एवढीच.

मागून आबा कुडकुडत म्हणाले, "माले हिव वाजी ऱ्हायनं वं. ती गोधडी दे ना! खापरले काय हिव वाजस?"

"खापर फुटनं तर मांडा काय तुमना टकलावर करू?"

"टक्कलबी गार पडी गयं, मांडा भाजावाव नही," आबा म्हणाले आणि घडाला बिलगून बसले.

धुळ्याच्या अलीकडे नीलेशला गतिरोधक दिसलाच नाही. ठक् नाही, या वेळी खडाक्!

"थांबव!" बाई ओरडल्या. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पुढचं दार उघडून त्यांनी गोधडीवरूनच मला टिचकी मारली. मी भद्द वाजले. चार माणसांत कधी न डगमगणारी ती बाई रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. "गयं रे नीलेश. आता उद्या काय सांगू त्यांना?"

नीलेशने गाठ सोडली. आत बरणीचे दोन तुकडे आणि लोणच्याचा चिखल. बाईंनी तो हाताने उपसला, मला उचलून पुन्हा टिचकी मारली. टण्!

बाईंचा चेहरा उजळला. तेलाने माखलेली गोधडी त्यांनी आबांकडे फेकली. "घ्या. मरत होते ना गोधडीसाठी!" धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंत आबा मागच्या सीटवर मुरत आले.

घरी बाईंनी मला राखेने घासघास घासलं. पण मातीच ती, जे प्यायचं ते पिऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची मुलगी मोहिनी पहिला घास घेऊन थबकली. "काकू, पुरणात लिंबू घातलंय?"

आबांनी मान खाली घातली. नीलेश छताकडे बघू लागला. लताबाईंची पापणीसुद्धा लवली नाही. "आमच्या घरची रीत आहे. सगळ्यांना जमत नाही."

लग्न जमलं. आता मी जुनी झालेय, एका कडेने टवका उडालाय, आंबटपणा तर केव्हाच जळून गेलाय. पण मोहिनी प्रत्येक सणाला पुरणात मन लावून लिंबू पिळते आणि लताबाई शेजारी बसून म्हणतात, "अजून थोडं."

तेव्हा कधी पिंपळनेरला आलात, तर मांडा मुकाट खा. माझ्या बाईचा शब्द खाली पाडाल, तर याद राखा.