भरलेला चेहरा

सप्ताहाचा शेवटचा दिवस. देवळापुढच्या मांडवात काल्याचं कीर्तन रंगलं होतं, आणि अंजू घरात दार लोटून, कर्ण्यातून येईल तेवढं ऐकत होती. चौदा वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी ती याच मांडवात टाळ घेऊन पुढं उभी असायची. मग ल्युपस निघाला. आपलंच रक्त आपल्या अंगावर उठतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ऊन बंद झालं, तसा मांडवही.

पाय सुजले, लघवीला फेस आला, तर त्याच दिवशी या, असंही त्यांनी बजावलं होतं. किडनीला झळ पोचल्याची ती खूण. पाय सुजल्याचा आज चौथा दिवस. सोबतीला राहिलेली चुलत आजी ताराबाई रोज पहाटेच मांडवात पोळ्या लाटायला जायची. तिला काही कळलं नव्हतं.

फोन वाजला. आईबाबा कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेले. भाकरी खाताना आई रोज व्हिडिओ कॉल लावायची आणि उसाच्या फडात बसून कीर्तन ऐकायची.

"अगं बया, तोंड कसं भरलंय गं! औषध लागू पडलं बघा," आई हरखली.

बाबा डोकावले. "लईच बाळसं धरलंय. आता तूच आईला कडेवर घे!"

अंजू हसली. मागच्या हंगामात तिच्यापायी दोघं अर्ध्यातून परतले, तेव्हा मुकादम बाबांना चारचौघांत वाटेल ते बोलला होता.

"आज काला हाय. ऊठ, पावली खेळून दाखव," आई म्हणाली.

अंजू उठली नाही. कर्ण्यात महाराज सांगत होते, "सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. एका पोरानं मात्र पाठीमागं लपवली, आंबली होती म्हणून. देवानं हात पुढं केला, तो नेमका त्याच्याकडंच."

अंजूनं फोन खाली नेला. नडगीवर अंगठा दाबला, काढला. खळगा तसाच राहिला.

"कवापासनं?" बाबांचा आवाज बदलला.

"चार दिस."

"आन् बोलली न्हाईस?"

"तुमी परत आला असता."

पलीकडं आईनं उघडी भाकरी फडक्यात गुंडाळली. "अवो, तुमच्या फोनवरनं गावातल्या सुग्रीवला गाडी घेऊन दारात धाडा. आंजे, मी निघाले. फोन ठिवू नको."

मांडवात हंडी फुटली, गलका उठला. अंजू फोन कानाशी धरून बसली. त्यात उसाच्या पाचटावर भराभरा पडणारी पावलं वाजत होती.