सात अक्षरांची पाटी आणि तिची सवत

मी एक जुनी सागवानी पाटी आहे. लांबी ब्याण्णव सेंटीमीटर, खिळ्यांची भोकं चार, रोमन अक्षरं सात: कोर्टिंग. म्हणजे किमतीत सूट. जावा बेटावरच्या तेगाल गावात, बू वार्तिनींच्या (बू म्हणजे बाई) कापडदुकानाच्या दारावर मी एकेचाळीस वर्षं टांगलेली आहे. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाची नोट बू शकुन म्हणून कापडाच्या गठ्ठ्यांवर आपटत आणि "खपा रे, खपा!" म्हणत, तेव्हा मला वाटे, हे गिऱ्हाईक मीच आणलं.

मग बूंची लेक वनिंग शहरातून शिकून आली आणि येताना माझी सवत घेऊन आली. लाल प्लास्टिकची पाटी: दिस्कोन. अर्थ तोच, अक्षरं सहाच! मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला. मूळची ही इंग्रजांची डिस्काउंट. इकडे येताना शेवटचा 'ट' गळला. शेपूटतुटकी मेली!

"आई, कोर्टिंग आता फक्त आज्ज्यांना कळतं," वनिंग म्हणाली.

"मग कापड कोण घेतं गं? तुझा मोबाइल?"

"आणि तुझी पाटी तरी कुठे आपली आहे? ती डचांची, ही इंग्रजांची."

मी परकी? इतकी वर्षं मी स्वतःला इथल्याच मातीतली समजत होते.

बूंना ते लागलं. त्यांनी फळ्यावर खडूने इथलाच शब्द लिहिला: पोतोंगान, वीस टक्के. पोतोंगान म्हणजे सूट खरी, पण कापडाच्या दुकानात पोतोंगान म्हणजे कापून उरलेला तुकडाही. दुपारपर्यंत चौघी येऊन गेल्या. "बू, ते तुकडे दाखवा की. उशीचे अभ्रे शिवायचेत." फळा पुसला गेला.

शेवटी वनिंगने पैज लावली. सोमवारी कोर्टिंग, मंगळवारी दिस्कोन, सूट सारखीच. जिच्या दिवशी कापड कमी कापलं जाईल, ती दारावरून उतरणार.

"आणि ही लाकडी हरली तर?"

"तर चुलीत. सोयाबीनचे तेंपे तळायला जळण होईल," बू म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

माझ्या दिवशी अकरा जणी आल्या. मंगळवारी मी भिंतीला टेकून मोजत होते: एकोणचाळीस! दारात पोरींची झुंबड, हसणं, फोटो. सवत उन्हात चमकत होती. वारा सुटावा आणि तिची दोरी तुटावी, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, नवं आणा, जरूर आणा. पण जुन्याला चुलीत घालण्याआधी एकदा मोजून बघा.

संध्याकाळी वनिंगने कात्री खाली ठेवली आणि दोन्ही दिवसांचं माप मोठ्याने वाचलं.

दिस्कोन: एकोणतीस मीटर.

कोर्टिंग: साडेएकोणतीस.