चांगूची लेक गोदा

बनुबाईंनी चहा गाळला, कपांचं ताट लेकीच्या हातात दिलं आणि ओले हात पदराला पुसत त्या तिच्या मागोमाग देवळाकडे निघाल्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत सकाळीच टेम्पो आला होता. सभामंडपाच्या भिंतीत काळ्या दगडाची भलीमोठी पाटी बसवायचं काम चाललं होतं. पाटीवर साऱ्या भावकीची वंशावळ कोरलेली होती, आणि ती शोधून काढली होती बनुबाईंच्या थोरल्या मुलीनं, तेजश्रीनं.

तेजश्री महाडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष मालोजी म्हणजे तिच्या वडिलांचे चुलत भाऊ. त्यांनीच हे काम तिच्या गळ्यात घातलं, आणि तिनं ते हौसेनं केलं. सुट्टी पडली की ती तालुक्याच्या कचेरीत जुने फेरफार उलगडत बसायची, शाळांची जुनी रजिस्टरं चाळायची, मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींच्या ओटीवर ठाण मांडायची. पुष्कळ कागद महाडच्या पुरात चिखल होऊन गेले होते. उरले होते त्यांत बायका म्हणजे नुसत्या ‘अमक्याची बायको’. भावकीतल्या पुरुषांना विचारावं, तर त्यांची गाडी आजोबांच्या नावापाशी अडायची.

मग ती दिल्या घरी गेलेल्या म्हाताऱ्या लेकींकडे गेली. कुणी दासगावला, कुणी वरंधला. तांदूळ निवडता निवडता त्यांनी तिला सगळं सांगितलं. कोण कुठून आलं, कोण कशानं गेलं, कुणाचं पोर पाळण्यातच दगावलं. या बायका नसत्या तर पाटीवर कोरायला मंडळाकडे चार नावंसुद्धा नसती.

“वाच गो,” बनुबाई पाटीपुढे उभ्या राहून म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. “तुझ्या बापाचं नाव कुठं हाय?”

तेजश्रीनं वरून वाचायला सुरुवात केली. सगळ्यांत वर मूळ पुरुष चांगू, त्याखाली रामजी, मग रामजीचे मुलगे, मग नातू. अख्ख्या दगडावर एका बाईचं नाव नव्हतं. नातवांच्या ओळीत डावीकडे तिला वडील सापडले, सहदेव. त्यांच्या खाली, जिथं तेजश्री आणि राजश्री या बहिणींची नावं यायची, तिथं एकच शब्द कोरला होता. निर्वंश.

“हे बघ, इथं आहे आबांचं नाव,” ती कशीबशी म्हणाली.

बनुबाईंनी हात वर केला. नवऱ्याच्या नावावरून बोट फिरवलं, मग खालच्या शब्दावरून फिरवलं, अगदी सावकाश. “आणि ही तुमची दोघींची नावं,” त्या समाधानानं म्हणाल्या.

सहदेव अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं हगणं-मुतणं त्या निर्वंश माणसाच्या लेकींनीच काढलं होतं. ज्यांनी हा शब्द कोरायला सांगितला, ते मालोजी तेव्हा फोनवरून तब्येत विचारत असत.

मालोजी चहा घ्यायला आले तेव्हा तिनं विचारलं, “काका, हे काय लिहिलंय?”

“रीत हाय ती, तेजू. ज्याच्या मागं मुलगा नाय, त्याच्यापुढं तसं लिवतात. सगळीकडं हाच फॉरमॅट हाय. तू टेन्शन घेऊ नको. उद्या तुझा सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ. माइकवर वंशावळ पण तूच वाचायची.”

“आणि गोदा? चांगूच्या खाली मी गोदा लिहून दिली होती.”

मालोजींनी आजूबाजूला पाहिलं. “ते मीच काढलं. पब्लिकला उगाच कन्फ्युजन नको.”

गोदेची हकीकत वरंधच्या साळूबाईंनी सांगितली होती. या साळूबाई मालोजींच्या सख्ख्या आत्या. चांगूला मुलगा नव्हताच. एकुलती एक लेक, गोदा. तिचा नवरा घरजावई म्हणून आला, सासऱ्याचं आडनाव लावून राहिला आणि लवकर मेला. विधवेच्या शेतात गडी येईनात, तेव्हा गोदेनं स्वतः नांगर धरला आणि एकुलत्या पोराला, म्हणजे रामजीला, वाढवलं. सगळी भावकी त्या बाईच्या पोटची. मालोजींना हे ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी आपल्या पणजीला आपल्या हातानं खोडलं होतं, आणि आता ते बिस्किट चहात बुडवून खात होते. त्यांच्या मिशीला लागलेला तो ओला चुरा पाहून तेजश्रीला शिसारी आली.

घरी जाताना तिनं आईला खरं काय ते सांगितलं. ज्या बोटानं अक्षरं चाचपली होती, ते बोट बनुबाई वाटभर पदराला पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर बायका, आणि त्यांच्याही मागे चुलाणाशी पहाटेपासून राबणाऱ्या बनुबाई. वरंधहून साळूबाईंनाही आणलं होतं. तेजश्रीचं नाव पुकारलं गेलं. कुणीतरी शाल पुढे केली, ती तिनं घडीसकट खुर्चीवर ठेवली आणि माइक हातात घेतला.

“मूळ पुरुष चांगू,” ती म्हणाली. “यांना मुलगा नव्हता, गोदा नावाची एक मुलगी होती. काल मालोजीकाकांनी मला रीत सांगितली. ज्याला मुलगा नाही त्याच्यापुढे निर्वंश लिहायचं. पाथरवट अजून इथंच आहेत. त्यांनी चांगूपुढे तो शब्द कोरावा आणि त्याखालचं सगळं घासून टाकावं. काका, तुमचं नावसुद्धा.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मालोजी उठले. “आत्ये, सांग गो हिला. असलं काय नव्हतं.”

“माझी आजी हाय ती,” साळूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “तिच्या मांडीवर मी मोठी झाली. नव्हती कशी?”

मालोजी तेजश्रीच्या कानाशी आले. “बरं, तुझ्या बापाखालचा शब्द घासून टाकतो. आता गप बस.”

“आणि पाटीवर आणखी दोघांच्या खाली आहे, तो?”

“त्यांच्या लेकी कुठं आल्यात भांडायला?”

“मग राहू दे,” तेजश्री म्हणाली. “आमच्यापुरता नको.”

त्यांनी तिच्या हातातून माइक काढून घेतला आणि जेवणाची पंगत बसल्याचं जाहीर केलं. पाटीला हार चढला. टाळ्यासुद्धा झाल्या. घटकाभरापूर्वी आपल्या पणजीचं नाव ऐकलेली ती धडधाकट माणसं पत्रावळीपुढे मांडी घालून भाताची वाट पाहू लागली. त्यांच्या घशाखाली घास उतरणार होता, याचंच नवल वाटावं.

भात आला नाही. बनुबाईंनी पळी पातेल्यात ठेवून दिली होती.

“वयनी, वाढा की,” मालोजी ओरडले.

“कोण वाढणार?” बनुबाई शांतपणे म्हणाल्या. “सहदेवच्या मागं कोण नाय, असं तुमीच दगडावर लिवलंय. मग वाढतंय कोण?”

त्या लेकीचा हात धरून मांडवाबाहेर पडल्या. साळूबाई काठी टेकत त्यांच्यामागून गेल्या, आणखी दोघी-तिघी गेल्या. बाकीच्या बायकांनी खाली मान घालून पळ्या उचलल्या, आणि पंगत जेवली.

पाटी आजही तिथंच आहे. तेजश्री रविवारी पुन्हा गावोगाव हिंडते. आता ती फक्त बायकांची नावं गोळा करते, आणि ती कोरायला दुसरा दगड याच देवळात लावायचा, असं तिनं ठरवलं आहे. मंडळानं अजून परवानगी दिलेली नाही.

आणि वाचकहो, मालोजींवर थुंकण्याआधी एक करा. तुमच्या आजोबांच्या आईचं नाव आठवून पाहा. आठवत नसेल, तर ती पाटी पाहायला पोलादपूरपर्यंत जायची गरज नाही.