काळी मोली बाळंत झाली तेव्हा

मेंढरं विकून तानाबाई सोलापुरात शुक्रवार पेठेत लेकाकडे राहायला आल्या, तेव्हा बाहेरच्या खोलीतली माशांची काचेची टाकी बघून त्यांना हसूच आलं. जनावर पाळायचं तर ते दूध देतं, लोकर देतं, निदान परका माणूस आला की भुंकतं तरी. हे नुसतेच तोंडाची उघडझाप करत फिरत होते. आणि असल्यांसाठी सून सोनाली पिंपात पाणी शिळं करून ठेवायची! नळाचं ताजं पाणी म्हणे त्यांना सोसत नाही. ज्या गावात नळाची वाट बघण्यात आठवडा जातो, तिथं मासेही ताजं पाणी नको म्हणतात, हे एक बरं होतं.

मग एका रविवारी सोनालीनं तांब्याभर पाण्यात खडेमीठ विरघळवलं आणि बेतानं टाकीत ओतलं.

"मीठ कशाला गं?"

"मोली जातीचा मासा हाय ही, आत्या. हिला थोडं मीठ मानवतं."

तानाबाईंचा चेहराच बदलला. जन्मभर त्यांनी मेंढरांना मीठ चाटवलं होतं. मिठाची गोडी असलेलं जनावर परकं कसं म्हणायचं? त्या दिवसापासून मोलींचा दाणा त्यांच्याकडे आला. सोनाली 'चिमूटभर' म्हणायची. तानाबाईंची चिमूट कळपाच्या मापाची, ती लहान व्हायला महिना गेला. पण झाली. काढलेलं पाणी कढीलिंबाला घालायचं हेही त्यांनीच ठरवलं, आणि कढीलिंब तरारल्यावर त्याचं श्रेय माशांना न देता स्वतः घेतलं.

हे सगळं त्या मन लावून करत होत्या, त्याला एक कारण होतं. सोनालीला सहावा महिना लागला होता. पोर झाल्यावर ती पुन्हा शाळेच्या ऑफिसात जाणार, आणि मागच्या गल्लीत गिरिजाबाईंचं पाळणाघर होतं. लेक बिरुदेव बायकोला म्हणाला होता, "आईचा जन्म मेंढरांत गेला. तान्हं पोर जमंल का तिला?" तानाबाई तेव्हा आत भाकरी थापत होत्या. सोनाली काय म्हणाली ते थापण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. थांबून ऐकणं त्यांच्या मानात बसत नव्हतं, आणि तेवढ्याचा त्यांना अजून पश्चात्ताप होता.

म्हणून काळ्या मोलीचं पोट फुगलं, तेव्हा ही आपलीच परीक्षा आहे असं त्यांनी धरलं.

"आज-उद्या व्हईल ती," ऑफिसला निघताना सोनाली म्हणाली. "पिल्लं झाली की जाळीनं उचलून ह्या लटकत्या डब्यात ठेवा."

"आईजवळ का न्हाय?"

सोनालीनं तोंड उघडलं, पोटावर हात ठेवला, तोंड मिटलं. "डब्यातच ठेवा की, आत्या," एवढंच म्हणाली आणि चपला घालून गेली.

दुपारी काळी बाळंत झाली. अंडी नव्हेत, चांगली पोहणारी पिल्लं. तानाबाईंनी कौतुकानं तोंडावर पदर धरला, मग सांगितल्याप्रमाणे एकेक उचलून डब्यात सोडलं. पण काळी डब्याभोवती फिरायला लागली. बाहेरून तोंड लावायची, मागं सरायची, पुन्हा यायची. तानाबाईंना ते बघवेना. कोकरू आईपासून तोडलं की वास मोडतो, मग मेंढी त्याला जवळ घेत नाही. अशी किती कोकरं त्यांनी मेंढीचे पाय धरून पाजली होती. ऑफिसात बसणाऱ्या पोरीला हे काय माहीत? त्यांनी डबा कलता केला.

काळी आली. पहिल्या पिल्लाशी तोंड नेलं.

"चाट बाई, चाट," तानाबाई म्हणाल्या.

दुसऱ्याशी नेलं. तिसऱ्याशी नेलं, तेव्हा तानाबाईंनी चष्मा पुसला, कारण पहिलं आणि दुसरं कुठं दिसेना.

मग बांगड्यांसकट हात टाकीत गेला.

संध्याकाळी सोनाली आली, तेव्हा स्टीलच्या पातेल्यात टाकीतलंच पाणी होतं आणि त्यात काळीसकट सगळ्या मोठ्या मोली. वर ताट झाकलेलं. शेजारी तानाबाई, जेवणावाचून.

"माझ्या हातनं गेली पिल्लं," त्या म्हणाल्या. "आईजवळ सोडली. तिनं खाल्ली. तुझं पोर गिरिजाबाईंकडं ठेव, पोरी. माझं काय म्हणणं न्हाय."

सोनाली भिंत धरून हळूच त्यांच्याजवळ बसली. "चूक माझी हाय, आत्या. मोली आपलीच पिल्लं खाती, हे मला ठाऊक होतं. पण अशा दिवसांत तोंडातनं काढवंना."

अशा दिवसांत असलं बोलू नये, हे सुनेला तानाबाईंनीच शिकवलं होतं.

सोनालीनं मोबाइलची बॅटरी लावून टाकीच्या कोपऱ्यातल्या हिरव्या झुडपात उजेड टाकला. पानाआड काळं काहीतरी हललं. मग दुसरं. तानाबाई काचेला नाक लावून मोजायला लागल्या. लांबून चालता कळप मोजणारी ही बाई, तिला एवढीशी पिल्लं मोजता येईनात.

"हालू नका की," त्या पिल्लांना म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता, "पण शेवटी ह्यांच्यासाठी मोठ्यांना उचलून बाहेर काढलं ते बरं केलं, व्हय ना?"

"लई बरं केलं."

"मग गिरिजाबाईंना सांगायची घाई करू नको. ही मोठी व्हतात का बघ आधी."

"त्यांना कवाच नको म्हणून सांगितलंय. हे बोलले ना, त्याच दिवशी."

तानाबाईंनी मान वळवून सुनेकडे बघितलं.

"मला कुणी सांगायचं?"

"तुमी विचारलं कुटं?"

"ऊठ," तानाबाई म्हणाल्या, "भाकरी टाकते. भूक लागलीय मला." आणि जाता जाता पातेल्यावरचं ताट किंचित उचलून त्यांनी काळीला दम दिला, "तू ऱ्हा हितंच."