सिलतऱ्यातला ठिपका

कंपनीचं क्वार्टर सोडताना दयारामने पलंग, भांडी, कपाट सगळं टेम्पोत चढवू दिलं; वायफायचा डबा मात्र स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला. "चालू हाय ना, मंग काहून टाकायचा?" सगळी उमर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात गेलेली. चालू वस्तू टाकणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

नवं घर शहरात, तेलीबांध्याला. इमारत कोरी करकरीत, शेजार अजून रिकामाच. सगळ्यात वरच्या मजल्यावर डबा लगेच लागला, दयारामचं मन काही लागेना. विसराळूपणा वाढला होता. रोज हेल्मेट घालून विचारायचा, "कंपनीची बस आली का?" जित्याची खोड, दुसरं काय! लेक मोनाली हसायची आणि त्याच्या खिशात मोबाइल टाकायची. हरवलाच तर नकाशावर ठिपका तरी दिसेल.

मे महिन्यातल्या एका दुपारी अंजनाबाईचा जरा डोळा लागला आणि नवरा घरातून नाहीसा झाला. तिने लेकीला ऑफिसात फोन केला. मोनालीने बापाला लावला. घंटी वाजत राहिली. मग नकाशा उघडला. ठिपका सिलतऱ्यात होता, थेट जुन्या क्वार्टरवर. तिचा जीव भांड्यात पडला.

"आई, बाबा सिलतराले गेले. मी जाऊन राहिली."

"मी जरा गच्चीवर पाहून येते ना."

"काहून? नकाशा खोटं बोलते का? ते वापस आले तर? तू दारातून हलू नको."

क्वार्टरला कुलूप होतं. मोनालीने गल्ली पालथी घातली, हाका मारमारून घसा बसला. गेटवरचा चौकीदार म्हणाला, "अंकल तो दिखे नहीं, दीदी." ठिपका मात्र हलायला तयार नव्हता.

संध्याकाळी पोलिसांत द्यायला फोटो हवा म्हणून ती घरी परतली. दारातच पुन्हा नकाशा पाहिला. तिच्या फोनने घरचं वायफाय पकडलं होतं आणि आता ठिपके दोन होते, एक बापाचा, एक तिचा. दोन्ही सिलतऱ्यात.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. छपराखाली फोनला उपग्रह सापडला नाही की तो जवळच्या वायफायवरून जागा ठरवतो, आणि त्या डब्याचा पत्ता नकाशाच्या लेखी अजून जुनाच होता. म्हणजे बाबा इथेच होते, डब्याच्या टप्प्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती गच्चीचा जिना चढत सुटली.

गच्चीच्या दाराशी, जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत दयाराम बसला होता. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर जेवणाचा डबा, बसची वाट पाहणाऱ्यासारखा. पत्रा अजून तापलेला होता. अंगही गरम होतं, फक्त श्वास नव्हता.

कठडा धरत अंजनाबाई मागून आली. ती रडली नाही. नवऱ्याच्या कोरड्या ओठांकडे पाहत राहिली.

"तू म्हणाली म्हणून मी दारातून हललीच नाही, मोना," ती म्हणाली. "येतीन तं तहान लागली असन म्हणून गिलासात पानी बी भरून ठेवलं होतं."